खिडकीखालची जागा

भट्टीचं दार उघडलं की आमच्या शेडमध्ये एकच हुकूम सुटतो. “दार लाव गं!” भट्टीपाशी बसणारे काका हे तीन शब्द इतकी वर्षं एकाच पट्टीत म्हणत आलेत की नव्याने शिकायला आलेली मुलं पहिल्या आठवड्यात मीनाकाम शिकत नाहीत, दार लावायला शिकतात. कारण सोपं आहे. मीना म्हणजे काच. रंगीत काचेची पूड ओली करून धातूवर पसरायची, सुकवायची आणि आठशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत दोन-तीन मिनिटं धरायची. काच वितळते, धातूला धरते. बाहेर काढल्यावर दोघंही निवताना आकसतात, पण आपापल्या चालीने. नेमका तेव्हाच दारातून गार वारा आला तर संपलं. टिणकन आवाज येतो आणि केसाएवढी चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ती चीर माझ्यामुळे गेली. सकाळी साडेसातची वेळ, पुण्यात धुकं असं उतरलेलं की समोरच्या आंब्याचं नुसतं खोड दिसत होतं. भट्टीतून चांदीची एक तबकडी नुकतीच बाहेर निघाली होती, पाचवी भाजणी होती, आणि मी धुकं बघायला म्हणून दार उघडलं. चार दिवसांचं काम गेलं. काका काहीच बोलले नाहीत. तबकडी गार झाल्यावर त्यांनी तिला सुतळीचा फास घातला आणि दाराच्या कडीला अडकवून टाकली. अजून तिथेच आहे. कुणी दार उघडलं की वाजते.

आल्मा पिल या बाईची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला म्हणूनच हसू आलं होतं. आमच्या धंद्यात ज्या गार वाऱ्याला शत्रू मानतात, त्या वाऱ्याच्या तोंडावर तिची बसायची जागा होती. आणि तिथेच तिला तिची सर्वांत गाजलेली नक्षी सुचली.

जागा होती सेंट पीटर्सबर्गची, बोल्शाया मोर्स्काया रस्त्यावरची २४ नंबरची इमारत. कार्ल फाबर्जेचं दुकान खाली, कारखाने वर. फाबर्जे म्हटलं की रशियाच्या झारची ईस्टरची अंडी आठवतात आणि डोळ्यांसमोर येतो तो बाकावर वाकून छिन्नी चालवणारा कुणी म्हातारा जादूगार. प्रत्यक्षात हा गृहस्थ भरभराटीच्या काळात बाकावर बसत नसे. त्याच्याकडे एकेका कामाचे उस्ताद होते, प्रत्येकाचा कारखाना वेगळा, माणसं वेगळी, शिक्का वेगळा. सोन्याच्या आणि मीन्याच्या वस्तू हेन्रिक विगस्ट्रॉमच्या हाताखाली होत, जडावाचं काम होल्मस्ट्रॉम घराण्याकडे. मालकाचं काम होतं हो किंवा नाही म्हणण्याचं. त्याच्या टेबलावर म्हणे एक छोटी हातोडी असे आणि मनास न उतरलेली वस्तू तो तिथल्या तिथे फोडून टाकी. हा किस्सा जगातल्या प्रत्येक कारखान्यात आपापल्या मालकाबद्दल सांगतात, त्यामुळे मी त्यावर थोडा हातचा राखूनच विश्वास ठेवते. पण कामाचा दर्जा पाहिला की वाटतं, हातोडी नसली तरी तिचा धाक असणारच.

आल्मा याच होल्मस्ट्रॉम घराण्यातली. जन्म १८८८चा, मॉस्कोचा. वडील ऑस्कर पिल फाबर्जेच्या मॉस्कोतल्या जडावाच्या कारखान्याचे प्रमुख, आईचे वडील ऑगस्ट होल्मस्ट्रॉम पीटर्सबर्गच्या कारखान्याचे. फिनलंडहून पोटापाण्यासाठी आलेली ही मंडळी. वडील लवकर गेले आणि कुटुंब आजोळी पीटर्सबर्गला आलं. विसाव्या वर्षी, १९०९मध्ये, ती आल्बर्टमामाच्या कारखान्यात कामाला लागली. कसलं काम? दागिना तयार झाला की तो विक्रीला जाण्याआधी वहीत मूळ आकारात काढायचा. शेजारी लिहायचं: धातू कोणता, हिरे किती, कोणत्या पैलूंचे, मजुरी किती, एकूण खर्च किती. नक्कल आणि हिशेब. चित्रकलेचं शाळेत झालं तेवढंच शिक्षण.

हे काम काय असतं ते मला ठाऊक आहे. आमच्या शेडमध्येही अशी एक लांबट वही आहे. प्रत्येक तुकड्याचं रेखाटन, तांबं किती ग्रॅम, कोणत्या रंगाचे किती थर, किती भाजण्या, विजेचा आकडा. ही वही लिहायला कुणीही राजी नसतं. शिकाऊ मुलांना ती शिक्षा वाटते. सगळ्यांना नक्षी काढायची असते, हिशेब कुणाला नको असतो. आणि वही लिहिणाऱ्याला जागाही तशीच मिळते, जिथे दुसऱ्या कुणाचं काम अडत नाही तिथे. उजेड लागतो म्हणून खिडकीपाशी. पण चांगल्या खिडक्या जडाव करणाऱ्यांच्या. उरलेल्या खिडकीला फट असते.

आल्मा रिकाम्या वेळी स्वतःच्या नक्ष्या काढून ठेवत असे. मामाच्या नजरेस त्या पडल्या, त्यातल्या काही घडवल्याही गेल्या. म्हणजे १९११ उजाडेपर्यंत ती अगदीच अनोळखी राहिली नव्हती. तरीही ती कारखान्यातली धाकटी होती, आणि पुढे जे झालं ते धाकट्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

त्या जानेवारीत एमॅन्युएल नोबेलच्या कचेरीतून तातडीची मागणी आली. आल्फ्रेड नोबेलचा हा पुतण्या. बाकूच्या तेलावर उभी असलेली नोबेल बंधूंची कंपनी तो चालवत होता. काकाच्या मृत्युपत्रामुळे कंपनीतला मोठा भांडवली हिस्सा हातचा जाणार हे दिसत असतानाही त्याने ते मृत्युपत्र मानलं, म्हणून आज आपण नोबेल पारितोषिकाच्या बातम्या वाचतो. माणूस दिलदार होता आणि ते दाखवण्याची त्याची रीतही खास होती. त्याच्याकडच्या मेजवानीत बायकांनी नॅपकिन उलगडला की घडीतून दागिना निघायचा. फाबर्जेच्या दृष्टीने असं गिऱ्हाईक म्हणजे घरची लक्ष्मीच.

तर मागणी अशी: ४० लहान दागिने, शक्यतो ब्रूच, घाई आहे, नक्षी एकदम नवी हवी. आणि एक अट. ही भेट कंपनीच्या महत्त्वाच्या लोकांच्या बायकांसाठी होती. तेव्हा दागिना इतका भारी नको की उद्या कुणी त्याला लाच म्हणेल. दिसायला असा हवा की घेणारीचे डोळे दिपावेत, पण किंमत सांगायची वेळ आली तर कुणाची मान खाली जाऊ नये. मामाने काम भाचीकडे दिलं.

तिच्या खिडकीची फट आता कामाला आली. आत माणसांची ऊब, श्वास, दिव्यांची वाफ. बाहेर पीटर्सबर्गची जानेवारी. अशा वेळी खोलीतल्या हवेतलं बाष्प काचेला टेकतं ते पाणी न होता थेट बर्फच होतं. काचेवर जिथे ओरखडा असेल, धुळीचा कण असेल, तिथून धरतं आणि फांद्या फुटत जातात. नेच्याची पानं, पिसं, चांदण्या. त्यात ते शहर साठाव्या अक्षांशावर. तिथे जानेवारीत भरदुपारीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम आठ-दहा अंश वर येतो, उन्हं आडवी येतात. आडव्या उन्हात ती काच पेटली आणि आल्माने जे समोर होतं ते कागदावर उतरवलं.

इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. लिलावाच्या कॅटलॉगांत, संग्रहालयांच्या पाट्यांवर, जिथे आल्मा पिलचं नाव येतं तिथे ही खिडकी येतेच. वहीबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि माझी तक्रार तीच आहे. खिडकीवरचं दहिवर त्या कारखान्यात दर हिवाळ्यात धरत होतं. आजोबांच्या काळापासून डझनावारी कसलेले कारागीर त्या काचांसमोर बसत आले होते. त्यांना त्यात खिडकी पुसायचं काम दिसलं. आल्माला त्यात नोबेलच्या अटीचं उत्तर दिसलं, कारण दोन वर्षं ती दुसऱ्यांच्या दागिन्यांच्या किमती मांडत होती. मोठा खडा किती खातो आणि बारीक गुलाब-पैलूंच्या हिऱ्यांचा चुरा किती स्वस्तात किती चमकतो, हे तिच्या बोटांना पाठ होतं. बर्फाच्या कणीत मधे मोठा खडा लागतच नाही. जिकडेतिकडे बारीक कण, मधे मोकळी जागा, आणि मोकळ्या जागेला पैसे पडत नाहीत. प्लॅटिनम आणि चांदीच्या मिश्रधातूच्या काड्या, त्यांवर बारके हिरे, झाली कणी. नक्षी आणि अंदाजपत्रक एकाच रेघेत उतरलं.

नोबेल खूश झाला. असा की ही हिमाची नक्षी त्याने आपल्यापुरती राखून घेतली असं सांगतात. त्यानंतर पेंडंट आली, बांगड्या आल्या, हार आले, सगळ्यांवर तीच खिडकी.

आता थोडं आमच्याकडचं. मराठी माणसाला दहिवर कशाला म्हणतात हे सांगावं लागत नाही, पण खिडकीवरची हिमफुलं आपण पाहिलेली नसतात. आपला बर्फ बातमीत असतो. दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात ठरलेला फोटो येतो: महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले, जीपच्या टपावर पांढरा थर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण आणि शेजारी मफलर गुंडाळलेले पर्यटक. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. आपल्याकडे थंडी बघायला जातात किंवा तिच्याशी भांडतात. मीही एकदा बघायला गेले. पहाटे पाचला वेण्णाकाठच्या गवतात उकिडवी बसून मी एका पात्यावरचे कण भिंगातून बघत होते. शेजारच्या शेतातले आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “काय हरवलंय का बाई?” मी म्हटलं, नाही, चित्र काढायचंय. “ह्याचं?” ते म्हणाले. “आन सूर्य वर आल्यावर?” बरोबर होतं त्यांचं. सात वाजता काहीच उरलं नव्हतं.

तिथून आणलेल्या कच्च्या रेखाटनांवरूनच मी ती फुटकी तबकडी करायला घेतली होती. तेव्हा कळलं की हिऱ्यात हिम करणं एक गोष्ट आणि मीन्यात करणं दुसरी. हिरा मुळात थंड दिसतो. मीना आगीतून निघतो, त्याला थंड दाखवायचा म्हणजे त्याच्या जन्माशी खोटं बोलायचं.

हे खोटं सर्वांत सुरेख बोललं गेलं तेही नोबेलसाठीच. १९१३-१४च्या सुमारास त्याच्याकडे एक अंडं गेलं, आज त्याला नोबेल आइस एग म्हणतात. नक्षी आल्माची मानली जाते. झारच्या अंड्यांच्या मानाने साधं: चांदीवर अर्धपारदर्शक पांढरा मीना, कडेला बारीक मोती, आत हिऱ्यांच्या चौकटीतलं स्फटिकाचं एक लटकतं घड्याळ. सध्या ते ह्यूस्टनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात दाखवल्या जाणाऱ्या मॅकफेरिन संग्रहात आहे. गंमत त्याच्या सालीत आहे. बर्फाची नक्षी वर काढलेली नाही. ती मीन्याच्या थरांच्या मध्ये आहे. एक थर, त्यावर नक्षी, पुन्हा थर, पुन्हा नक्षी. त्यामुळे खोल दिसते, जणू काचेच्या पलीकडून कुणी हात लावला तर विरघळेल.

हे वाचायला सोपं आहे. करताना काय होतं ते सांगते. काचेची पूड अकीकाच्या खलात पाण्यात घोटायची, वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घोटायची, पुन्हा ओतायचं. पाणी नितळ येईपर्यंत थांबायचं नाही, कारण त्या गढुळातच पुढचा ढगाळपणा असतो. पारदर्शक रंग असेल तर एक गढूळ कण म्हणजे डोळ्यातलं कुसळ. मग ओली पूड पिसाने किंवा बारीक ब्रशने पसरायची, फडक्याच्या टोकाने पाणी टिपून घ्यायचं. भट्टीत गेल्यावर काका दाराच्या फटीतून बघतात आणि मोजतात, घड्याळ बघत नाहीत. आधी साखर दिसते, म्हणजे दाणे एकमेकांना धरतात. मग संत्र्याची साल, म्हणजे पृष्ठभाग खडबडीत चकाकतो. मग पाणी. पाणी दिसलं की बाहेर. दहा सेकंद उशीर झाला तर कडा करपतात.

पांढऱ्या दुधी रंगाची आणखी एक खोड आहे. आम्ही त्याला ओपल म्हणतो. हा जास्त तापला की त्याच्यातलं दूध जातं आणि नुसती काच उरते. मग तो थोड्या कमी तापमानावर पुन्हा धरावा लागतो, हळूहळू दूध परत येतं. काका म्हणतात, हा रंग रुसून बसतो. आणि प्रत्येक नव्या थरासाठी खालचे सगळे थर पुन्हा भट्टीत जातात. म्हणजे दुसऱ्या थरावर काढलेली नक्षी तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या भाजणीत प्रत्येक वेळी मोडू शकते. हे तबकडीवर जमवतानाच नाकी नऊ येतात. अंड्याला तर कुठूनही सपाट बाजू नाही, पूड उतारावरून घसरते आणि बुडाशी जाऊन बसते.

फाबर्जेच्या कारखान्यात हे काम विजेच्या भट्टीशिवाय, तापमान दाखवणाऱ्या काट्याशिवाय व्हायचं. त्यांच्याकडे मीन्याच्या १४० हून जास्त छटा होत्या असं नेहमी नोंदवलं जातं. नक्षी कोरलेल्या धातूवर पाच-सहा थर देणं त्यांच्याकडे नेहमीचं होतं, आणि शेवटी लाकडी चाकावर, मग मऊ चामड्यावर तासन् तास झिलई. झिलईच्या शेवटच्या तासाला चीर दिसली तर काय करत असतील? हातोडीचा किस्सा मला तिथे थोडा खरा वाटायला लागतो.

पण आल्माचं नाव ज्यामुळे राहिलं त्या अंड्यात मीना नाही. १९१३ साली रोमानोव्ह घराण्याला गादीवर येऊन ३०० वर्षं होत होती. त्या ईस्टरला झार निकोलसने राणीला दिलेलं अंडं पांढऱ्या मीन्याचं होतं, त्यावर घराण्यातल्या राज्यकर्त्यांची १८ चित्रं: सरळसरळ दरबारी काम. आईला, म्हणजे राजमाता मारिया फ्योदोरोव्हनाला, त्याने दिलं हिवाळ्याचं अंडं. ते आल्माचं, वय वर्षं चोवीस. स्फटिकाचं, आतून आणि बाहेरून हिमाची नक्षी, प्लॅटिनम आणि हिरे, आणि बूड असं की बर्फाची लादी वितळतेय आणि पाणी ओघळतंय. अंड्यावर १६६० हिरे. उघडलं की आत प्लॅटिनमची टोपली, तिच्यात पांढऱ्या दगडाची कोरलेली रानफुलं. अॅनिमोन. बर्फ वितळला की त्या मुलखात जंगलात सर्वांत आधी डोकं वर काढणारी. टोपलीवर आणखी १३७८ हिरे. बिल आलं २४,६०० रूबल, झारने तोवर घेतलेल्या ईस्टरच्या अंड्यांत सर्वांत महाग.

दोन वर्षांपूर्वी ‘लाच वाटता कामा नये’ म्हणून तिने काढलेली नक्षीच इथे एवढी महाग झाली, हे मला फार आवडतं. कल्पना स्वस्तासाठी जन्मली होती.

पुढच्या वर्षीचं मोझेक अंडंही तिचंच. सासूला शेकोटीपाशी बारीक टाक्यांचं भरतकाम करताना बघून तिला ते सुचलं. सुया-दोऱ्याचे टाके तिने माणकं-पाचूंचे केले. आज ते ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. पुन्हा तेच: घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवरचं काम कोण बघतं?

त्यानंतर युद्ध, मग क्रांती. १९१८मध्ये कारखाने बंद पडले, फाबर्जे परदेशी पळाला आणि १९२०मध्ये लोझानला वारला. आल्माने निकोलाय क्ले याच्याशी १९१२मध्येच लग्न केलं होतं. दोघं १९२१मध्ये फिनलंडला आले. नवऱ्याला कूसनकोस्की या गावातल्या कागद गिरणीत नोकरी मिळाली आणि ती तिथल्या स्वीडिश शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवू लागली. दोन दशकांहून जास्त काळ शिकवलं. गिरणीगावातली मुलं, हिवाळ्यात त्याच हिमफुलांच्या खिडक्या, आणि फळ्यापाशी उभी असलेली ही बाई. आपण कुणासाठी काय केलं होतं हे तिने वर्गात कधी सांगितलं नाही. विद्यार्थ्यांना पत्ता नव्हता.

गप्प का राहिली असेल याचे अंदाज बांधता येतात. सीमेपलीकडे झारची माणसं म्हणून लोक गोळ्या खात होते. पण मला दुसरंही वाटतं. आपल्या जे. जे.मधून किंवा गावोगावच्या कलाशाळांतून बाहेर पडलेले कितीतरी चित्रकला शिक्षक मी पाहिले आहेत. तारुण्यात कुणी सिनेमाचे बॅनर रंगवलेले, कुणी मोठ्या चित्रकाराच्या कॅनव्हासचं आभाळ भरून दिलेलं, आणि नंतर तीस वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून संकल्पचित्रं काढून घेतली. त्यांनाही विचारलं तर म्हणतात, “होतं काहीतरी.” विचारणाऱ्याला चिकाटी धरावी लागते. आल्माला विचारणारं कुणी भेटलं नसावं. ती १९७६मध्ये हेलसिंकीला वारली, ८७ वर्षांची.

तिचं अंडं मात्र फिरत होतं. सोव्हिएत सरकारने राजवाड्यातला माल परकीय चलनासाठी विकायला काढला तेव्हा लंडनच्या वार्ट्स्की या पेढीने ते ४५० पौंडांना उचललं. झारने मोजलेल्या रकमेपुढे हे भंगाराचे भाव. मग ते हातोहात जात राहिलं, १९७५ नंतर तर वीस वर्षं कुठे आहे याचाच थांग नव्हता. १९९४मध्ये जिनिव्हात लिलावाला आलं, २००२मध्ये न्यूयॉर्कला ९६ लाख डॉलरच्या आसपास गेलं, आणि डिसेंबर २०२५मध्ये लंडनला जवळपास २ कोटी २९ लाख पौंडांना. फाबर्जेच्या वस्तूला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत.

त्या सगळ्यात मला कुणी एक वस्तू फुकट दिली तर मी अंडं मागणार नाही. (विम्याचे हप्ते कोण भरणार?) मी वही मागेन. होल्मस्ट्रॉमच्या कारखान्यातल्या त्या नोंदवह्यांपैकी १९०९ ते १९१५ या काळातल्या दोन सापडल्या. वार्ट्स्कीच्याच केनेथ स्नोमनने त्यांवर १९९३मध्ये पुस्तक काढलं तेव्हा जगाला कळलं की हिमाचे ते दागिने एका पोरसवदा बाईच्या हातचे. पानापानावर दागिने, खऱ्या आकारात, जलरंगात. प्रत्येकाशेजारी खर्च. ज्या कामाला कंटाळून ती खिडकीकडे बघत बसली असेल, त्याच कामाने तिचं नाव सांभाळून ठेवलं होतं.

या डिसेंबरात मी हिमाची तबकडी पुन्हा करायला घेतली. या वेळी चांदीचा पत्रा थोडा जाड घेतला आणि पाठीलाही मीना दिला. तसा तो नेहमीच द्यायचा असतो, म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा राहतो आणि पत्रा वाकत नाही. गेल्या वेळी घाईत पाठीचा थर पातळ ठेवला होता. दुसऱ्या थरावर पात्यावरचे ते कण काढले, वेण्णाकाठचे. तिसरा थर. ओपल रुसला, दूध गेलं. काकांनी भट्टी खाली आणली आणि तबकडी पुन्हा आत धरली. फटीला डोळा लावून बसले. बाहेर पुन्हा तसंच धुकं होतं, शेडच्या पत्र्यावरून टपटप पाणी गळत होतं.

“आलं,” काका म्हणाले. मग मान न वळवता, “दार?”

“लावलंय,” मी म्हटलं. कडीची तबकडी हलतही नव्हती.

गार व्हायला पाऊण तास लागला. मग मी वही ओढली आणि लिहायला बसले. चांदी ३८ ग्रॅम. पाठ एक थर, पुढे तीन थर. भाजण्या सहा, त्यांत रुसवा एक. खल तीन तास. शेजारी तबकडी ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली, आत कण काढले. काकांनी चहा आणून ठेवला, वहीत डोकावले आणि बोट टेकवलं. “महाबळेश्वरचं भाडं?” ते म्हणाले. “ते कुठं लिवलंस?”